नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात पायी: डोंगर, बाग आणि वायनरी एका दिवसात, योग्य क्रमाने

नाशिकला ट्रेक आणि वाइन एकत्र जमवायला येणारे बहुतेक जण दिवस उलटा लावतात. सकाळी निवांत उठायचं, अकरा-बाराला वायनरीत टेस्टिंग, मग भरपेट जेवण आणि तीन वाजता "अजून बराच वेळ आहे, एखादा किल्ला करू" म्हणत अंजनेरीचा पायथा गाठायचा. हिवाळ्यात इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पोटात वाइन, अंगातलं पाणी कमी झालेलं, आणि घळीतल्या पायऱ्या अंधारात उतरायच्या. पाय मुरगळण्याचे, वाट चुकण्याचे प्रसंग अशाच वेळी येतात.

दुसरी चूक महिन्याची. जुलैत येऊन लोक द्राक्षांचे घड शोधतात. तिसरी चूक सगळ्यात सर्रास होते: रस्त्याकडेच्या कुठल्याही बागेत शिरून फोटो काढणं आणि घड तोडणं. ही बाग कुणाची तरी वर्षभराची कमाई असते आणि तिच्यावर औषध फवारलेलं असू शकतं.

या तिन्ही चुका टाळायच्या तर डोंगर आधी, बाग मग, जेवण त्यानंतर आणि वाइन सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत आणि ते पाळायचेही याच क्रमाने.

## टप्पा १: आधी महिना ठरवा, मग तारीख

इथल्या द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तिच्यातून पुढच्या हंगामाची काडी तयार होते. मग साधारण सप्टेंबर अखेरपासून ऑक्टोबरभर गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. हे एवढं लक्षात ठेवलं तरी कोणत्या महिन्यात काय दिसेल ते आपोआप कळतं.

जून ते सप्टेंबर: डोंगर हिरवेगार, धबधबे वाहते. बागेत मात्र नुसती पानं आणि काड्या. या दिवसांत फक्त डोंगरासाठी या. वायनरी उघड्या असतात, टेस्टिंगही होतं, पण घड पाहायचा हट्ट सोडा. सप्टेंबरमध्ये अंजनेरीचं पठार रानफुलांनी भरतं. त्या एका कारणासाठीसुद्धा यावं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: गोडी छाटणी, नवी फूट आणि सर्वाधिक फवारण्या. चालायला हवा चांगली असते, पण बागेत शिरण्यासाठी हे सगळ्यात वाईट दिवस. का, ते टप्पा ६ मध्ये सांगितलं आहे.

डिसेंबर: मणी वाढत असतात. थंडी पडते, पहाटे निफाडचा पारा बरेचदा एक आकडी असतो. चालण्यासाठी उत्तम.

जानेवारी ते मार्चची सुरुवात: वाइनच्या द्राक्षांचा खुडा, म्हणजे घडांची काढणी, याच काळात होते. मण्यात पाणी उतरलेलं असतं, म्हणजे ते पिकू लागलेले असतात, काळ्या जातींवर रंग चढलेला असतो. डोंगर, बाग आणि वायनरी तिन्ही एकाच दिवशी पाहायची असतील तर जानेवारीचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरा. खायच्या द्राक्षांचा खुडा पुढे एप्रिलपर्यंत चालतो, पण मार्चपासून डोंगरावर दहानंतर उभं राहवत नाही.

एप्रिल-मे: चालायचं नाव काढू नका.

सटाणा भागात काही शेतकरी छाटणी खूप लवकर घेतात आणि त्यांची द्राक्षं हिवाळ्याच्या तोंडाशीच बाजारात येतात. ती पाहून "हंगाम सुरू झाला" असा समज करून घेऊ नका. नाशिक-दिंडोरी-निफाडचं गणित वेगळं आहे.

महिना ठरला की वार. शनिवार-रविवारी वायनरींकडे जाणाऱ्या गंगापूर रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि टेस्टिंगच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नाही. मंगळवार ते गुरुवार या. सुट्टी मिळत नसेल तर निदान रविवारऐवजी शनिवार निवडा आणि टेस्टिंगची वेळ आधी नोंदवून ठेवा.

> तपासा: २६ जानेवारीसारख्या दिवशी, तसंच निवडणुकीच्या काळात ड्राय डे असतो. मतदान आणि मतमोजणीच्या तारखा पाहून घ्या. २०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. पर्वकाळात त्र्यंबक रस्त्यावरची वाहतूक नेहमीसारखी नसेल.

## टप्पा २: एका दिवसाला एकच वाट

दोन डोंगर आणि तीन वायनरी असा बेत कागदावर जमतो, प्रत्यक्षात नाही. खालच्या तीन वाटांपैकी एक निवडा.

अंजनेरी आणि गंगापूर. त्र्यंबक रस्त्याने नाशिकपासून साधारण २० किलोमीटरवर अंजनेरी गाव. गडाची उंची जवळपास १३०० मीटर. गावातून वर वनखात्याच्या नाक्यापर्यंत रस्ता जातो, तिथून पायवाट. घळीतल्या पायऱ्या चढून गेलं की मोठं पठार, पठारावर अंजनी मातेचं मंदिर आणि पुढे तळं. तळ्यापुढचा दुसरा चढ करायचा की नाही हे तिथे पोचून ठरवा. जाऊन-येऊन चार ते पाच तास धरा. परतताना शहरात शिरायची गरज नाही, आतल्या गावरस्त्यांनी गिरणारे-गंगापूर बाजूला निघता येतं. गंगापूर धरणाच्या परिसरात सुला, यॉर्क, सोमा अशा वायनरी जवळजवळ आहेत. त्यांतली एकच निवडा.

रामशेज आणि दिंडोरी. पेठ रस्त्याने सुमारे १४ किलोमीटरवर आशेवाडी. तिथून रामशेज तासाभरात चढून होतो. वाटेत गुहेतलं राममंदिर आणि पाण्याचं टाकं आहे. माथा मोकळा, सावली जवळजवळ नाही, पण खालची शेतं आणि बागा यांचे चौकोन इथून फार स्पष्ट दिसतात. लहान मुलं, साठीच्या पुढचे आई-वडील किंवा पहिल्यांदाच डोंगर चढणारं कुणी बरोबर असेल तर मी डोळे झाकून रामशेज सांगेन. शेजारच्या भोरगडावर हवाई दलाचा तळ आहे. तिकडे जायचा प्रयत्न करू नका, कॅमेराही त्या दिशेला रोखू नका.

नांदूर मध्यमेश्वर आणि निफाड. ज्यांना चढ नको त्यांच्यासाठी. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचं हे पक्षी अभयारण्य २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. वाट सपाट, निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक गाईडही मिळतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, वारकरी, जांभळी पाणकोंबडी हे डिसेंबर-फेब्रुवारीत सहज दिसतात. अट एकच: उजाडताना तिथे हजर राहायचं. दहा वाजता पोचलात तर दूरवर ठिपके दिसतील आणि ऊन लागेल.

हरिहरचं नाव बरेच जण या यादीत जोडतात. तो वेगळ्या दिवसाचा किल्ला आहे. तिथल्या उभ्या पायऱ्या उतरताना पूर्ण शुद्ध आणि ताजे पाय लागतात. संध्याकाळच्या टेस्टिंगची घाई डोक्यात ठेवून तो करू नये.

## टप्पा ३: आदल्या दिवशीची तयारी

चालक ठरवा. ही तयारीतली पहिली गोष्ट आणि इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. "बघू, जो कमी पिईल तो चालवेल" हे ठरवणं नव्हे. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला तर गुन्हा होतो. एक माणूस पूर्ण दिवस वाइनला हात लावणार नाही, हे आदल्या रात्रीच त्याच्या संमतीने ठरलं पाहिजे. कुणीच तयार नसेल तर दिवसभरासाठी चालकासह गाडी करा. चालकाला दिवसाचा सगळा क्रम आणि परतीची वेळ आधी सांगा, त्याच्या जेवणाची सोय बघा.

टेस्टिंगची वेळ नोंदवा. दुपारी तीननंतरची घ्या. फोनवर तीन गोष्टी विचारा: बागेत फिरवून आणतात का, त्या दिवशी खुडा किंवा फवारणी आहे का, लहान मुलांना आत येऊ देतात का. वयाच्या पुराव्यासाठी प्रत्येकाने ओळखपत्र बरोबर ठेवायचं.

पिशवी भरा. माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर मीठ-साखर-लिंबू घातलेलं. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की, संत्री. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज. बुटांच्या तळव्याला खाचा हव्यात. मुरूम आणि सुकलेलं गवत यांवरून गुळगुळीत तळवा सरकतोच. वायनरीसाठी कपड्यांचा एक स्वच्छ जोड आणि चपला गाडीत वेगळ्या ठेवा. घामाने भिजलेल्या कपड्यांत वातानुकूलित खोलीत बसलं तर आंबून जायला होतं, आणि स्वतःच्याच घामाच्या वासात वाइनचा वास कळत नाही.

अत्तर, परफ्यूम, सुगंधी तेल नको. कारणं दोन. डोंगरावर आग्या मोहोळं आहेत, उग्र वासाने माश्या बिथरू शकतात. आणि टेस्टिंगच्या वेळी तुमच्या परफ्यूममुळे तुम्हालाच नव्हे, शेजारच्यालाही वाइनचा वास येत नाही.

> तपासा: झोपण्याआधी गाडीचं इंधन, नकाशा ऑफलाइन उतरवलेला, घरच्या एका माणसाला कळवलेली वाट आणि परतीची वेळ.

## टप्पा ४: पहाट

सहाच्या आत निघा. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे पायथ्याशी पोचताना उजाडू लागलेलं असतं. अंधारात चालायला सुरुवात करू नका. हा बिबट्याचा प्रदेश आहे. ऊस आणि नदीकाठ असलेल्या निफाड-दिंडोरी भागात तर तो गावाच्या शिवारातच वावरतो. फटफटल्यावर निघा, एकत्र चाला, बोलत चाला आणि मुलांना मधे ठेवा.

न्याहारीला पोहे, उपमा किंवा भाकरी-भाजी. नाशिकला आलो आणि मिसळ नाही, असं कसं, हा प्रश्न येणारच. मिसळ जरूर खा, पण उतरून आल्यावर. तर्रीने भरलेलं पोट घेऊन पहिल्या अर्ध्या तासाच्या चढावर छातीत जळजळ होते आणि दोन लिटर पाणी तिथेच संपतं.

## टप्पा ५: चढ आणि उतार

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. त्याला सगळ्यात पुढे ठेवा, मागे नाही. मागे ठेवलेला माणूस थकत जातो, कारण तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते आणि ते उठून निघतात.

पाणी तहान लागेपर्यंत थांबवू नका, दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट घ्या. याचा संबंध संध्याकाळशीही आहे. वाइन अंगातलं पाणी आणखी कमी करते. सकाळी कोरडे राहिलेले लोक संध्याकाळी दोन घोटांत डोकं धरून बसतात आणि दोष वाइनला देतात.

अंजनेरीवर माकडं आहेत. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये बंद ठेवा. माकडांना काही देऊ नका आणि त्यांच्या डोळ्यांत रोखून पाहू नका.

हा परिसर राखीव आहे, आणि कारण पक्कं आहे. 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही कंदिलाच्या आकाराच्या फुलांची छोटी वनस्पती जगासमोर आली ती याच डोंगरावरून, तिचं नावही इथलंच. कड्यांवर गिधाडांचा वावर आहे. त्यामुळे पायवाट सोडून पठारावर आडवं चालणं, फुलांत बसून फोटो काढणं, स्पीकर लावणं यांतलं काहीही नको. पावसाळ्यानंतरच्या पठारावर एक पाऊल चुकीच्या जागी पडलं तरी त्याखाली काय होतं हे आपल्याला कळतही नाही.

> सावधान, आग्या मोहोळ: कड्याच्या कपारीत काळसर मोठी पोळी दिसली की आवाज बंद, धूर बंद, ड्रोन तर अजिबात नाही. माश्या उठल्या तर हात झाडू नका. डोकं-चेहरा कापडाने झाका आणि त्या जागेपासून शक्य तितक्या लवकर लांब जा. पाय रोवायला जागा नसलेल्या पायऱ्यांवर मात्र पळू नका. खूप डंख झाले किंवा श्वास अडकला तर थेट १०८ ला फोन.

माथ्यावर पोचलात की घड्याळ बघा. उतरायची वेळ आधीच ठरलेली असावी: रामशेजला साडेनऊ, अंजनेरीला अकरा. ती वेळ झाली की जिथे असाल तिथून मागे फिरायचं. अंजनेरीच्या तळ्यावरून दुसरा चढ राहून गेला तर राहू द्या.

उतारावर गुडघे थोडे वाकवून, छोटी पावलं. दुखापती चढताना कमी आणि उतरताना जास्त होतात, कारण पाय थकलेले असतात आणि मन जेवणाकडे लागलेलं असतं. पायऱ्यांवर उतरताना फोन खिशात.

> सावधान, साप: फुरसं दगडांच्या सपाटीत, घोणस सुक्या पाचोळ्यात सहज मिसळून जाते. न पाहता दगडाखाली, कपारीत हात घालू नका. दंश झाला तर चिरा देणं, रक्त चोखणं, घट्ट आवळून बांधणं यांतलं काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव न हलवता ठेवा, माणसाला चालू देऊ नका आणि सरळ दवाखान्यात न्या. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका.

## टप्पा ६: बागेत पाऊल टाकण्याआधी

या टप्प्यावर जरा थांबून वाचा, कारण लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात आणि त्याचं नुकसान दुसऱ्याला सोसावं लागतं.

रस्त्याकडेची बाग खाजगी आहे, तिला कुंपण असो वा नसो. पाणंद रस्ता, गाडीवाट, शिवेचा रस्ता यांवरून चालायला सहसा कुणी अडवत नाही. पण बांध ओलांडून वेलींच्या ओळीत शिरायचं तर विचारलंच पाहिजे. बागेत कुणी ना कुणी काम करत असतं. लांबूनच "रामराम दादा, बाग बघितली तर चालेल का?" असं विचारा. बाई दिसल्या तर ताई, मावशी. बहुतेक शेतकरी हौसेने दाखवतात, वर खायलाही देतात. "नको" म्हणाले तर वाद घालू नका. निर्यातीसाठी नोंदलेल्या बागांतल्या द्राक्षांत औषधांचे अवशेष आहेत का याची तपासणी होते, कोण आत आलं-गेलं यावरही काहींना लक्ष ठेवावं लागतं. तिथे नकार मिळणं स्वाभाविक आहे.

आत गेल्यावर क्रम असा:

१. आधी विचारा, "शेवटची फवारणी कधी झाली?" कालची किंवा आजची असेल तर बाहेरूनच बघा. केवडा आणि भुरी या दोन रोगांसाठी बुरशीनाशकं वारंवार फवारावी लागतात. ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर चालू दिसला तर वाऱ्याच्या उलट दिशेला उभं राहणंही पुरेसं नाही. निघून जा.

२. मान वाकवून चाला. वेलींच्या मांडवाच्या आणि 'वाय'च्या (Y आकाराच्या आधाराच्या) तारा नेमक्या उंच माणसाच्या कपाळाशी किंवा डोळ्यांशी येतात. ओळीच्या टोकाला लोखंडी अँगलला ताणून धरणारी तार जमिनीत तिरकी उतरलेली असते, त्यात पाय अडकतो. खाली ठिबकच्या नळ्या. त्यांच्यावर पाय देऊ नका.

३. कुंपणाच्या बारीक तारेला हात लावू नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तिला विजेचा झटका देणारं मशीन जोडलेलं असतं.

४. घडाला बोट लावू नका. मण्यांवरची पांढुरकी लव म्हणजे धूळ नव्हे आणि औषधही नव्हे, ती फळाची नैसर्गिक मेणासारखी साय. खायच्या द्राक्षाची बाजारातली किंमत तिच्यावरही ठरते. बोट लागलं की ती पुसली जाते आणि घडावर डाग दिसतो.

५. स्वतः तोडून खाऊ नका. प्रत्येक औषधाला फवारणी आणि काढणी यांच्यात ठरावीक दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. ते पूर्ण झालं की नाही हे फक्त शेतकऱ्याला माहीत असतं. त्याने हाताने तोडून दिलं तर घ्या, धुऊन खा.

वाइनची द्राक्षं चाखायला मिळाली तर चव वेगळी लागेल. मणी लहान, साल जाड, आत बिया. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक, शिराज, कॅबर्ने सोव्हिन्यों या जाती इथे लावतात. थॉमसन किंवा सोनाका या खायच्या द्राक्षांची सवय असलेल्याला त्या पहिल्या घासाला आवडत नाहीत. साल चावून बघा. लाल वाइनचा रंग आणि तोंडात जाणवणारा तुरटपणा बराचसा त्या सालीतून येतो. संध्याकाळी पेल्यातली तुरट चव ओळखायला या एका मण्याची फार मदत होते, म्हणूनच बाग वायनरीच्या आधी.

> सावधान, ऑक्टोबरची बाग: गोडी छाटणीनंतर सगळे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते कातडीला इजा करतं. शिवाय ते अंगात गेलं असेल आणि वर मद्य घेतलं तर शरीराला मद्याचं नीट विघटन करता येत नाही. चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत त्रास जाऊ शकतो. म्हणून नुकती छाटलेली, पानं नसलेली बाग दिसली तर काडीला हात लावू नका, ओळीत शिरू नका. चुकून हात लागलाच तर साबणाने भरपूर धुवा, आणि त्या दिवशीच नव्हे, पुढचे काही दिवस वाइन, बिअर काहीच घेऊ नका. पेस्ट लावणाऱ्या मजुरांनाही हेच सांगितलेलं असतं.

> तपासा: बागेतून बाहेर आल्यावर हात साबणाने धुतले का? नंतरच खाऊची पिशवी उघडा.

## टप्पा ७: जेवण आणि विश्रांती

बागेतून निघाल्यापासून तीनपर्यंतची वेळ मोकळी ठेवा. तिच्यात काहीही कोंबू नका. आधी पाऊण लिटर पाणी, मग जेवण. भात, भाकरी, पिठलं, डाळ, जे मिळेल ते व्यवस्थित. मिसळीची वेळ हीच. फक्त फार तिखट खाल्लं तर जीभ तासभर बधिर राहते, म्हणून रस्सा बेताने घ्या. जेवणानंतर तासभर पाय पसरून आडवं व्हा, कपडे बदला.

लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर पाणी अजून कमी पडतंय. तो फिका होईपर्यंत टेस्टिंगला बसू नका. डोकं दुखत असेल, मळमळत असेल, ऊन लागल्यासारखं वाटत असेल तर त्या माणसाने आज वाइन घ्यायची नाही, आग्रहही कुणी करायचा नाही. मधुमेह, रक्तदाब किंवा झोपेची औषधं चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधीच विचारलेलं असावं.

## टप्पा ८: टेस्टिंग

आधी वायनरीची सहल, मग पेले. टाक्या, पिंपं, दाबयंत्र पाहून आलं की पेल्यात काय आहे ते समजतं. खुड्याच्या दिवसांत क्रेट उतरताना पाहायला मिळाले तर रेंगाळा, पण कामगारांच्या वाटेत उभे राहू नका.

चाखायचा क्रम हलक्याकडून जडाकडे: फसफसणारी, मग पांढरी, मग रोझे, मग लाल, शेवटी गोड. उलटं केलं तर लालच्या तुरटपणानंतर पांढरी पाण्यासारखी लागते. पेला दांड्याला धरा. आधी रंग बघा, मग न हलवता वास घ्या, मग हलवून पुन्हा. छोटा घोट तोंडात फिरवा. त्यानंतर गिळा किंवा ठेवलेल्या भांड्यात थुंका. थुंकण्यात लाजण्यासारखं काहीच नाही. रोज चाखायचं ज्यांचं कामच आहे ते थुंकतातच.

हिशोब करून बघा. एका टेस्टिंगमध्ये साधारण ३० मिलिलिटरचे पाच पेले धरले तर १५० मिलिलिटर होतात. वाइनमध्ये १३ टक्के मद्यार्क असेल तर तो १९.५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क हाताळतं. म्हणजे नुसत्या टेस्टिंगमधला मद्यार्क उतरायलाच दीड-दोन तास लागतात, आणि त्यावर एक भरलेला पेला घेतला तर तेवढेच पुन्हा. दिवसभर चालून थकलेल्या शरीरावर परिणाम नेहमीपेक्षा जास्त जाणवतो.

त्यामुळे टेस्टिंग झाल्यावर दुसऱ्या वायनरीकडे धावू नका. एकाच ठिकाणी बसा, प्रत्येक पेल्याबरोबर तेवढंच पाणी प्या, चीज-ब्रेड किंवा भाजलेले दाणे घ्या. आवडलेल्या वाइनचं नाव आणि साल टिपून ठेवा, तिसऱ्या पेल्यानंतर पहिल्याचं नाव आठवत नाही.

## टप्पा ९: धरणाकाठची संध्याकाळ

गंगापूर धरणाचं पाणी सूर्यास्ताला सुंदर दिसतं, आणि तिथेच धोका आहे. टेस्टिंगनंतर पाण्यात उतरायचं नाही, पाय बुडवायलाही नाही. पाणी ओसरलेल्या काठावर वरून सुकलेला आणि आतून मऊ असा गाळ असतो. पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि तोल गेला की पोहता येणाराही घाबरतो. नौकाविहार करायचा असेल तर तो टेस्टिंगच्या आधी, जीवरक्षक जाकीट घालून. काठावर काचेच्या बाटल्या नेऊ नका.

## टप्पा १०: परतताना

गाडीत बसण्याआधी माणसं मोजा आणि किल्ली ठरलेल्या चालकाच्याच हातात आहे ना ते बघा. तो दिवसभर चालला आहे, तोही थकलेला आहे. मुंबईकडे १६५ ते १७० किलोमीटर, पुण्याकडे त्याहून जास्त अंतर आहे. घाटात डुलकी लागेल असं वाटत असेल तर नाशिकलाच मुक्काम करा. हा खर्च बेतात आधीच धरलेला बरा.

विकत घेतलेल्या बाटल्यांचं बिल जपून ठेवा. उन्हात उभ्या गाडीत बाटल्या ठेवू नका, तापलेल्या डिकीत वाइनची चव बिघडते आणि बूचही वर सरकतं. म्हणून खरेदी शेवटी, निघताना. द्राक्षं घ्यायची तर क्रेटच्या तळाचा घड वर काढून बघा. देठ हिरवा हवा, तपकिरी पडलेला देठ म्हणजे माल जुना. घरी पोचल्यावर घड मीठ घातलेल्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, वाहत्या पाण्याखाली धुवा, पुसून कोरडे करा आणि मगच फ्रिजमध्ये ठेवा.